काढून टाकलं, हे मुलाखतीत कसं सांगायचं

नोकरी गेली की पहिला मोह होतो तो लपवण्याचा. तो टाळ. तुझ्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफच्या नंबरवर, सर्व्हिस हिस्टरी असते, त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. "मीच राजीनामा दिला" म्हणालास आणि पडताळणीत वेगळंच निघालं, तर हातात आलेली ऑफरसुद्धा जाते.

मलाही पुण्यात असंच काढलं होतं. पहिल्या मुलाखतीत मी जुन्या साहेबांची गाऱ्हाणी दहा मिनिटं गात बसलो. समोरच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं, तेव्हाच कळलं की ही गेली. पुढच्या वेळी एवढंच म्हटलं, "प्रोबेशनमध्ये ठरलेलं टार्गेट मला गाठता आलं नाही, म्हणून त्यांनी थांबवलं. मी रिपोर्टिंगमध्ये कच्चा होतो. मधल्या काळात एक्सेल नीट शिकलो, आता पिव्होट टेबल न अडता करतो." आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं फार जड जातं रे, पण जमव. घरी ताईसमोर मोठ्यानं म्हणून बघ, आवाज कापायचा थांबेपर्यंत.

कपातीत गेली असेल तर तसं सरळ सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रिलीव्हिंग लेटर अडलं असेल तर पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म 16 जपून ठेव. आणि जुन्या ऑफिसातल्या, तुझं काम जवळून पाहिलेल्या एखाद्या सीनियरला आजच फोन कर. संदर्भासाठी नाव देऊ का, हे आधी विचार, मगच दे.