प्रवाहानुसार हायपोचे आपोआप डोसिंग करायचे असेल, तर पीएलसीमध्ये पीआयडी लावावी का?

आपल्याकडे विद्युतचुंबकीय फ्लोमीटर आहे, हायपोचा (पाणी निर्जंतुक करणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचा) डोसिंग पंप ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल घेतो, आणि पीएलसीमध्ये, म्हणजे यंत्रणा चालवणाऱ्या औद्योगिक संगणकात, पीआयडी (मोजलेला आकडा पाहून डोस सतत दुरुस्त करणारी नियंत्रण पद्धत) लावावी की प्रवाहाशी साधे प्रमाण पुरेल असे आपण विचारले आहे. साधे प्रमाण पुरेल. प्रवाह घनमीटर प्रतितास गुणिले डोस मिलिग्रॅम प्रतिलिटर म्हणजे थेट क्लोरीनचे ग्रॅम प्रतितास. त्याला हायपोच्या तीव्रतेने (लिटरमागे किती ग्रॅम क्लोरीन) भागले की पंपाचे तासाचे लिटर मिळतात. पीएलसी कोणत्या कंपनीचा घ्यावा हा आपला दुसरा प्रश्न मला गौण वाटतो, कारण एवढा गुणाकार कोणताही पीएलसी करतो. चूक होते ती या गुणाकाराच्या अलीकडे किंवा पलीकडे, आणि तिचे खापर कोणाच्या डोक्यावर फुटते हे मी स्वतः अनुभवले आहे.

बारा वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका खासगी जलशुद्धीकरण प्रकल्पात मी पाळीवर ऑपरेटर होतो. ठेकेदाराने नवी डोसिंग यंत्रणा बसवली, चाचणी अहवालावर सह्या झाल्या, आणि पंधरवड्यातच बाहेर जाणाऱ्या पाण्यात उर्वरित क्लोरीन कमी येऊ लागले. रात्रपाळीचे ऑपरेटर डोस कमी करतात, असे ठेकेदाराच्या अभियंत्याने बैठकीत सांगितले आणि माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. मला मात्र टाकीची पातळी खटकत होती. प्रवाह ३०० घनमीटर, डोस २ मिलिग्रॅम आणि हायपो १० टक्के, म्हणजे लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम क्लोरीन, असा हिशेब धरला तर तासाला ६ आणि दिवसाला १४४ लिटर हायपो संपायला हवे होते. माझ्या वहीतील नोंदींप्रमाणे ते १२० लिटरच्या आसपासच संपत होते. फ्लोमीटरवर ३०० आकडा असताना नियंत्रण कक्षातील पडद्यावर २५० दिसत होता, आणि हा फरक दाखवल्यावर जागेवरचा डिस्प्ले बिघडला असेल असे उत्तर मिळाले. शेवटी विद्युत विभागातील एका सहकाऱ्याने मल्टिमीटर आणून सिग्नलच्या तारेत लावला, तेव्हा त्यावर १२ मिलिअँपिअर आले. ४ म्हणजे शून्य आणि २० म्हणजे पूर्ण रेंज, तेव्हा १२ म्हणजे बरोबर निम्मी रेंज. फ्लोमीटरमध्ये ती ० ते ६०० होती आणि पीएलसीमध्ये ० ते ५०० भरलेली होती. एक आकडा बदलला आणि क्लोरीन जागेवर आले. माझा खुलासा मात्र फायलीत तसाच राहिला.

म्हणून प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी सिग्नलच्या तारेत ४, १२ आणि २० मिलिअँपिअर देऊन पीएलसी कोणता प्रवाह वाचतो ते पाहावे, आणि फ्लोमीटरची रेंज त्याच्याच मेन्यूत उघडून तपासावी, कागदावरची नव्हे. त्यानंतर सक्शनवरच्या (पंपाच्या ओढीच्या बाजूच्या) मापननळीतून, लाइनमध्ये नेहमीचा दाब असताना, घड्याळ लावून पंपाचा खरा विसर्ग मोजावा. पंपाच्या पाटीवरचा आकडा हा विसर्ग नसतो. सिग्नलने फक्त स्ट्रोकचा (पंपाच्या ठोक्यांचा) वेग बदलत असेल, तर स्ट्रोकच्या लांबीची घुंडी एका जागी पक्की करावी. ती कोणी फिरवली तर डोस बदलतो आणि पीएलसीला त्याचा पत्ताही लागत नाही. कच्च्या पाण्याचा पंप बंद झाला की डोसिंगही बंद व्हावे असा इंटरलॉक हवाच, कारण प्रवाह शून्य असतानाही फ्लोमीटर कधी कधी थोडाफार आकडा दाखवतो आणि उभ्या पाण्यात हायपो पडत राहते.

पीआयडीचा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात. पाण्यातील क्लोरीन मोजणारा विश्लेषक डोसच्या जागेपासून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर असेल, तर केवळ त्याच्या भरवशावर लावलेली पीआयडी आधी जास्त आणि मग कमी असे हेलकावे देत राहते. प्रवाहाचे प्रमाण मुख्य ठेवून विश्लेषकाला थोडीशी, सावकाश दुरुस्ती करू द्यावी, त्याहून अधिक नाही.

हे सारे हायपोपुरते झाले. गढूळ पाणी निवळण्यासाठी घालायच्या तुरटी किंवा पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइडसाठी प्रवाह हा अर्धाच हिशेब आहे. खडकवासल्याचे पाणी मे महिन्यात आणि जुलैत सारखे नसते, आणि तिथे डोसचा आकडा जार टेस्टमधूनच (त्या पाण्याच्या नमुन्यांत वेगवेगळे डोस घालून पाहण्याच्या चाचणीतूनच) यावा लागतो. हायपोही उन्हाने आणि साठवणुकीने उतरते. १० टक्क्यांचे ८ झाले तर वरच्या हिशेबात ६ ऐवजी साडेसात लिटर लागतील, तेव्हा त्याची तीव्रता वेळोवेळी तपासून पीएलसीमध्ये भरावी. तुरटीच्या आणि हायपोच्या टाक्या व नळ्या मात्र पूर्णपणे वेगळ्या ठेवाव्यात, कारण दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो.

शेवटी, डोसचा आकडा बदलण्याचा पासवर्ड केवळ ठेकेदाराकडे ठेवू नये. ठरलेल्या किमान व कमाल मर्यादेत तो पाळीवरच्या ऑपरेटरला बदलता यावा, आणि कोणी, केव्हा, किती बदलला याची नोंद पीएलसीने आपोआप ठेवावी. तशी नोंद असती तर मला खुलासा लिहावा लागला नसता.