तपकिरी बदकांचा घोळ

प्रश्न : ऑक्टोबरअखेर नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूने गेलो. पुस्तकातल्यासारखं रंगीत बदक एकही दिसलं नाही, सगळी तपकिरी. आपल्याकडे फक्त माद्याच येतात का? (नाशिक रोड)

उत्तर : नरही येतात, पण रंग उतरलेले. विणीनंतर बदकं उडण्याची पिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. त्या काळात नजरेत भरू नये म्हणून नर मादीसारखा मळकट पिसारा धारण करतात. हे घडतं उत्तरेकडे, त्यांच्या विणीच्या प्रदेशात. रंगीत पिसं यायला मात्र इथे पोहोचल्यावरही वेळ लागतो. त्याच जागी डिसेंबरच्या शेवटी जा, तलवार बदकांची चॉकलेटी डोकी मोजता येतील. भुवई बदक सगळ्यात आळशी : त्याचे काही नर जानेवारी-फेब्रुवारीतही अर्धवट रंगलेले असतात.

तोवर रंग विसरा, चोच बघा. थापट्याची चोच डोक्याहून लांब आणि टोकाला उलथन्यासारखी पसरट. ती पाण्याला टेकवून तो पाणी गाळत पोहतो. तलवार बदकाची मान लांब व सडपातळ, चोच करडी, शेपूट टोकदार. गडवालच्या चोचीच्या कडा नारिंगी असतात आणि पंख मिटलेले असतानाही बहुधा मागच्या बाजूला छोटा पांढरा चौकोन डोकावतो. हळदी-कुंकू बदक तर बाराही महिने इथलंच. काळ्या चोचीचं टोक पिवळं.

खरी गोची चक्रांग आणि भुवई बदकाच्या माद्यांत होते, दोन्ही छोट्या. भुवईच्या चेहऱ्यावर गडद-फिकट पट्टे ठळक दिसतात आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो. चक्रांगचा चेहरा साधा. त्याऐवजी शेपटीच्या बुडाशी बाजूला फिकट रेघ शोधा. थवा उडाला की पंखाकडेच नजर ठेवा : चक्रांगच्या पंखावरचा हिरवा पट्टा चमकतो. तरीही ठरत नसेल तर वहीत ‘लहान बदक’ एवढंच लिहा. अंदाजाने लिहिलेलं नाव पुढे सगळी नोंद बिघडवतं.

प्रश्न : गंगापूर धरणाच्या काठावर छोटा बगळा, मध्यम बगळा आणि गायबगळा एकाच जागी दिसतात. झटकन कसे ओळखायचे? (सातपूर)

उत्तर : आधी चोच, मग पाय. चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे म्हणजे छोटा बगळा. पण चिखलात उभा असला की पंजे दिसतच नाहीत. पाऊल उचलेपर्यंत थांबावं लागतं. हिवाळ्यात चोच पिवळी, पाय-पंजे काळे असा मध्यम बगळा. गायबगळ्याचीही चोच पिवळीच, पण आखूड. मानही आखूड, आणि तो पाण्यापेक्षा काठच्या गवतात, गुरांच्या मागे जास्त दिसतो.

प्रश्न : 10×50 ची नवी दुर्बीण घेतली. मनोऱ्यावरून एकाचे दोन पक्षी दिसतात, शिवाय सगळं हलतं. मला चष्मा आहे. (गंगापूर रोड)

उत्तर : चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडा. दोन्ही नळ्या जवळ-दूर करून एकच गोल दिसेपर्यंत जुळवा. मग उजवी भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी फोकस करा. त्यानंतर डावी झाकून उजव्या आयपीसवरचं (डोळ्याकडच्या भिंगावरचं) डायऑप्टर, म्हणजे त्या एकाच डोळ्याचा फोकस जुळवणारी कडी, फिरवून त्याच वस्तूवर फोकस आणा. डायऑप्टरची ही खूण लक्षात ठेवा, पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. एवढं करूनही दोन पक्षी दिसले तर आतले प्रिझम सरकले आहेत. दुर्बीण घरी उघडू नका, दुकानात बदलून घ्या.

हलण्याचं कारण 10 पट वर्धन. हाताची थरथरही तितकीच वाढते. कोपर कठड्यावर टेकवा. बदलून घेणारच असाल तर 8×42 घ्या : हलकी, दृश्य रुंद, आणि उजेडही कमी नाही. पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा (मिलिमीटरमध्ये); भागाकार म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. 50 भागिले 10 म्हणजे 5 मिलिमीटर, 42 भागिले 8 म्हणजे 5.25.

ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरते, तेव्हा कितीही महाग भिंग घ्या, लांबची बदकं धूसरच दिसणार. निफाडच्या थंडीत पहाटे धुकं असतं. ते विरल्यापासून साडेनऊपर्यंतचा वेळ धरा आणि पूर्वेकडच्या काठावर, सूर्याकडे पाठ करून उभे राहा.