नववीच्या वर्षी मुलाला चित्रवही घेऊन बाहेर जाऊ द्यावे का?

समुपदेशनाच्या कामात पालकांचा एक प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा माझ्यासमोर येतो. मुलाला चित्रे काढायला आवडतात, झाडापाखरांत तो रमतो; पण आठवी-नववी आली की घरच्यांना वाटू लागते की हा वेळ आता विज्ञान-गणिताकडे वळवला नाही, तर पुढचे सगळेच हातचे जाईल. नाशिकमधल्या एका कुटुंबाचा अनुभव या प्रश्नाच्या निमित्ताने येथे मांडत आहे. त्यांच्या संमतीनेच लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा नववीत होता. गणपती उठल्यानंतर आई-वडील त्याला घेऊन आले, तेव्हा घटक चाचणीचे निकाल नुकतेच लागले होते आणि विज्ञानात तो जेमतेम पास झाला होता. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारे बनवण्याच्या विभागात, काम करतात. त्यांनी रविवार सकाळचा फाउंडेशन क्लास ठरवून पहिला हप्ताही भरला होता. नेमक्या त्याच वेळी मुलगा चित्रकलेच्या सरांबरोबर कधी गोदाघाटावर, तर कधी गंगापूर धरणाच्या बाजूला चित्रे काढायला जात असे. ‘‘मॅडम, कला की सायन्स हे आता ठरवायलाच हवं ना? दोन डगरींवर पाय ठेवून कसं चालेल?’’ असे आईने विचारले. बोलण्याच्या ओघात त्यांनी सासऱ्यांचाही विषय काढला. निफाड तालुक्यात द्राक्षशेतीत आयुष्य घालवलेले अण्णा, पत्नी गेल्यानंतर शेत पुतण्याकडे सोपवून मुलाच्या घरी राहायला आले होते आणि दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. ही वेगळी काळजी आहे असे समजून आईने ती शेवटी, उठता उठता सांगितली.

मुलाशी मी एकट्याशी बोलले. विज्ञानाच्या वहीतल्या त्याच्या आकृत्या सुबक होत्या, पण त्या सगळ्या गाइडवरून उतरवलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीविषयीही स्वतःच्या शब्दांत काही सांगायला तो धजावत नव्हता. उत्तर चुकेल ही धास्ती त्याला पहिल्याच वाक्याला अडवत होती. नंतर त्याने चित्रवही उघडली. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीचे खोपे लोंबत असलेले एक चित्र त्यात होते. खोपे सगळे झाडाच्या एकाच बाजूला होते आणि दुसरी बाजू रिकामी होती. एरवी कागदाचा तोल साधण्यासाठी कोणीही दोन खोपे पलीकडे काढून मोकळे झाले असते. मी विचारले, ‘‘सगळे इकडेच का?’’ तो म्हणाला, ‘‘तसेच होते. मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून मी मागून जाऊन पण बघून आलो.’’

जे दिसले ते जसेच्या तसे नोंदवणे, त्याविषयी शंका येणे आणि ती फेडण्यासाठी पलीकडच्या बाजूने जाऊन पाहणे, हे सगळे त्याने कोणी न सांगता केले होते. सुगरणीचा विणीचा हंगाम पावसाळ्यात असतो, आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि वाऱ्यापावसाचा मारा चुकावा म्हणून खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला बांधलेले आढळतात. हे मी त्याला त्या दिवशी सांगितले नाही. त्या झाडाच्या कोणत्या दिशेला खोपे आहेत, ते मोबाइलमधले होकायंत्र लावून पाहा आणि आणखी दोन-चार झाडे शोध, एवढेच सांगितले. पुढच्या भेटीत दिशा आणि तिचे कारण त्यानेच मला समजावून दिले, आणि ते सांगताना तो कुठेही अडखळला नाही.

वडिलांशी बोलताना मी सांतियागो रामोन ई काहाल या स्पॅनिश वैज्ञानिकाची हकिकत सांगितली. या मुलाला चित्रकार व्हायचे होते आणि वैद्यकी करणाऱ्या वडिलांना ते मुळीच पसंत नव्हते. त्यांनी मुलाला न्हाव्याकडे आणि चांभाराकडे उमेदवारीलाही लावून पाहिले. अखेर 1868 च्या उन्हाळ्यात वडिलांनी त्याला जुन्या दफनभूमीत नेले, तेथून आणलेली हाडे त्याच्यापुढे ठेवली आणि ती पाहून चित्रे काढायला लावली. शरीररचनाशास्त्राची गोडी त्याला तेथून लागली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याने काढलेल्या चेतापेशींच्या चित्रांनी मेंदूविषयीची समजूत बदलली आणि 1906 चे नोबेल त्याला गोल्जी यांच्याबरोबर विभागून मिळाले. वडिलांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, ती मोठी माणसं. आमच्यापुढे दहावी आहे.’’ त्यांचे म्हणणे मला रास्त वाटले. परीक्षेची तयारी परीक्षेच्याच पद्धतीने करावी लागते आणि खोप्यांची चित्रे काढून संख्यात्मक उदाहरणे सुटत नाहीत. माझा आग्रह एवढाच होता की चित्रे काढण्याचा वेळ विज्ञानातून वजा होतो हा हिशेब चुकीचा आहे, कारण निरखून काढलेल्या चित्रात विज्ञानाचे पहिले काम होऊन गेलेले असते. त्यापुढचे काम वहीपुस्तकाचे आहे आणि तेही व्हायलाच हवे.

या म्हणण्याला संशोधनाचाही आधार आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की शब्द नुसते लिहून काढण्यापेक्षा त्यांचे चित्र काढले तर ते अधिक चांगले लक्षात राहतात, आणि त्यासाठी चित्र सुंदर असावे लागत नाही. याच गटाने 2018 मध्ये वयस्कर व्यक्तींवर प्रयोग केले, तेव्हा त्यांनाही चित्र काढण्याचा फायदा झाल्याचे आढळले. हा दुसरा निष्कर्ष ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर अण्णा होते.

आम्ही तडजोड अशी ठरवली. क्लास शनिवार संध्याकाळच्या तुकडीत हलवायचा आणि रविवारची सकाळ मोकळी ठेवायची. पण मुलाबरोबर घरातले एक मोठे माणूस जाईल आणि ते माणूसही स्वतःची वही घेऊन बसेल. राखण करत, मोबाइल पाहत बसलेल्या मोठ्यांमुळे मुलांवर दडपण येते. शेजारी बसून स्वतः धडपडणाऱ्या मोठ्यांमुळे ते उतरते, असे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य मोठी माणसे इतक्या सहज बोलतात, की न जमणारी गोष्ट करायचीच नसते, हा धडा मुले त्यातून परस्पर घेतात. आईला रविवारची कामे होती, वडील टाळाटाळ करत होते, म्हणून अण्णांना विचारावे असे मी सुचवले. त्याआधी त्यांची झोप, भूक आणि मनःस्थिती डॉक्टरांकडून तपासून घ्यायला लावली, कारण वयस्कर माणसाचे गप्प होणे ‘वयामुळे होतंच’ म्हणून सोडून देणे योग्य नाही. औषधाची गरज नव्हती. अण्णा मला म्हणाले, ‘‘ताई, माझा हात थरथरतो. आता या वयात मी काय रेघोट्या ओढू?’’ मी त्यांना चित्र मागितलेच नाही. नातू जे काढील त्याची मापे वीत आणि बोटांत सांगायची, दिवस, वेळ व हवा लिहायची आणि वाटले तर पेन्सिल टेकवायची, एवढेच काम दिले.

दिवाळीच्या सुट्टीत दोघे गावी गेले. महिनाभरापूर्वी फळछाटणी झालेल्या बागेत मुलाने एक नवी फूट खालपासून वरपर्यंत काढायला घेतली. कोवळी पाने, पानांसमोर खालच्या डोळ्यांवर (पेरांवर) आलेले घड, वरच्या डोळ्यांवर बाळ्या, म्हणजे वेलीचे आधाराला वेढे घालणारे तंतू. काढता काढता त्याच्या लक्षात आले की पानासमोर सलग दोन डोळ्यांवर घड किंवा बाळी असते, तिसरा डोळा मोकळा असतो आणि पुन्हा दोन भरलेले असतात. त्याने शेजारच्या फुटी तपासल्या, तर तेथेही तीच रीत दिसली. अण्णा आयुष्यभर त्या बाळ्या मोडत आले होते, पण ही मोजणी त्यांनी कधी केली नव्हती. मग त्यांनी आपल्याकडची गोष्ट सांगितली: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर डोळ्यांत घड तयार होत असतात, त्या दिवसांत आभाळ झाकलेले राहिले आणि ऊन मिळाले नाही, तर पुढे घड जिरतो आणि त्याच्या जागी बाळी येते, एका वर्षी अर्धी बाग अशी बाळीवर गेली होती. मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे घड आणि बाळी एकच आहेत का, अण्णा?’’ शाळा सुरू झाल्यावर त्याने हाच प्रश्न विज्ञानाच्या बाईंना विचारला आणि उत्तर मिळवले. द्राक्षवेलीत दोन्ही एकाच प्रकारच्या अंकुरापासून तयार होतात. वाढीच्या काळात मिळणारा प्रकाश, उष्णता आणि अन्नद्रव्ये यांवर त्याचा घड होणार की बाळी, हे ठरते. अण्णांनी नुकसान म्हणून सोसलेली गोष्ट वनस्पतिशास्त्राचा एक धडा आहे हे त्यांना नातवाकडून कळले, आणि नातवाला त्या धड्यामागे एका बागेचे वर्ष वाया गेलेले असते हे अण्णांकडून कळले. त्या पानाच्या कोपऱ्यात अण्णांनी स्वतः एक बाळी काढली आहे. रेघ थरथरलेली आहे, पण बाळीच्या टोकाला फुटणारे दोन फाटे आणि फाट्याचा नेमका वळसा अचूक उतरला आहे.

पुढे पहिलीतली धाकटी बहीणही मागे लागली. तिच्यासाठी वेगळा पाठ आखावा लागला नाही. पानावर कागद ठेवून खडू घासला की शिरा उमटतात. पिंपळाचे पान आणि बांबूचे पान असे घासल्यावर एकात जाळी आणि दुसऱ्यात सरळ रेघा का येतात, हे तिनेच विचारले. तिच्या डोळ्यांच्या दृष्टीनेही हे चांगले झाले. ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटे जास्त घराबाहेर ठेवून तीन वर्षे पाहणी केली, तेव्हा दूरचे अंधुक दिसण्याचा दोष (मायोपिया) नव्याने जडण्याचे प्रमाण 39.5 टक्क्यांऐवजी 30.4 टक्के आढळले होते. भावाला चष्मा असल्यामुळे आईला एवढे कारण पुरेसे झाले.

चार भिंतींबाहेर जाऊन शिकण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी वस्तीत गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येऊ शकत नाही तर शाळा कुरणात जाईल, असा तो विचार होता. शहरातल्या मुलाची अडचण उलटी आहे. शाळा त्याच्याजवळ आहे, कुरण दूर गेले आहे. त्यातही नाशिककर भाग्यवान आहेत. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना हाताशी असलेला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, आणि अशाच कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेली झिओलाइट या खनिजांची स्फटिके सिन्नरच्या संग्रहालयात पाहता येतात. अंजनेरीच्या माथ्यावर पावसाळ्यात कंदीलपुष्पाच्या जाती फुलतात. त्यांच्या नळीसारख्या फुलात शिरलेली चिलटे आतल्या केसांमुळे अडकतात आणि केस सुकल्यावर पराग घेऊन बाहेर पडतात. ही फुले तोडायची नाहीत, त्यांच्याजवळ पाय जपून टाकायचा आणि चित्र जागीच बसून काढायचे, हा नियम लहानथोर सर्वांना सारखाच लागू असावा.

वडील आले ते हिवाळ्यात, नांदूर मध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या या पाणथळीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातली ती पहिलीच रामसर जागा. पक्षी ओळखण्यात वडिलांना रस नव्हता, पण दुर्बिणीतून त्यांना चोची दिसल्या. चमच्या पक्ष्याची चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरते आणि थापट्या बदकाच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, त्यांतून पाणी गाळले जाऊन खाद्य आत राहते. टूलरूममधल्या माणसाला हे अवजार लगेच समजले. त्यांनी दोन्ही चोची बाजूने आणि वरून, अशा इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या रीतीने काढल्या आणि मुलाला दृश्ये कशी मांडतात ते शिकवले.

वर्षाअखेरीस विज्ञानाचे गुण वाढले, पण पहिल्या पाचांत येण्याइतके नाही. शिक्षकांनी कळवले की तो वर्गात प्रश्न विचारतो आणि उत्तर चुकले तरी पुन्हा प्रयत्न करतो. पुढे तो कोणती शाखा घेईल हे त्याने ठरवलेले नाही आणि ते आताच ठरवण्याची निकडही नाही. ज्या मुलाला वाचताना अक्षरे जुळत नाहीत, किंवा जो आधी आवडणाऱ्या गोष्टींतूनही मन काढून घेतो, त्याच्यासाठी मात्र ही वाट पुरेशी नाही. तेथे अध्ययन अक्षमतेची किंवा मानसिक आरोग्याची रीतसर तपासणी आधी व्हायला हवी.

जूनमध्ये आई मुलाला आणि अण्णांना घेऊन पुन्हा आल्या, कारण आता दहावी सुरू झाली होती. आम्ही चौघांनी बसून वेळापत्रक केले. दिवाळीपर्यंत महिन्यातला पहिला आणि तिसरा रविवार सकाळी दहापर्यंत बाहेर, त्यानंतर महिन्यातून एकच रविवार, सराव परीक्षांपासून बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत पूर्ण बंद. त्या बंद महिन्यांत अण्णा धाकट्या नातीला घेऊन जातील, असे त्यांनी स्वतःहून सांगितले आणि वेळापत्रकात आपले नाव लिहायला लावले.