मृत्यूंच्या आलेखाची रेघ शेवटी एकदम खाली येते, म्हणजे साथ ओसरली का?

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. बहुतेक वेळा ती घसरण मृत्यूंची नसून अपुऱ्या नोंदींची असते. आलेख मृत्यूच्या तारखेनुसार काढलेला असेल, तर ताज्या दिवसांचे मृत्यू घडून गेलेले असतात, पण दाखला, नोंदणी आणि कारणाचं वर्गीकरण व्हायचं बाकी असतं. समजा, एका दिवशी १०० मृत्यू झाले. आठवड्याने त्यातले ६० दिसतील, महिन्याने ९५. म्हणजे प्रत्यक्षात रेघ सपाट असली तरी तिचं शेपूट कायम खाली वाकलेलंच दिसणार. अपघात, आत्महत्या यांत तर चौकशीमुळे कारण ठरायला कित्येक महिने जातात, त्यामुळे तिथली ‘घट’ आणखी फसवी.

तपासायची सोपी युक्ती: आजचा आलेख जपून ठेवा, दोन आठवड्यांनी नव्या आलेखाशी त्याच तारखा ताडून पाहा. ज्या तारखेपासून जुने आकडे वर सरकलेले दिसतील, तिथून पुढचा भाग कच्चा समजा. (काही आलेखांत हा भाग फिक्या रंगात किंवा तुटक रेघेने दाखवतात, पण स्क्रीनशॉट फिरवणारे नेमकी तळटीप कापतात.)

मात्र आलेख नोंदणीच्या तारखेनुसार असेल, तर हे लागू नाही. इंग्लंड-वेल्सचे साप्ताहिक आकडे मुख्यतः असेच येतात. तिथे नाताळच्या आठवड्यात कार्यालयं बंद म्हणून खड्डा पडतो आणि पुढच्या आठवड्यांत उंचवटा येतो.