नदीत अँटिबायोटिक इतकं थोडं असतं, मग बॅक्टेरिया रेझिस्टंट कसे होतात?

तुम्ही विचारलंय की एवढ्या मोठ्या नदीत कारखान्याचं औषध मिसळून चिमूटभरही उरत नसेल, मग त्याने काय होणार, आणि पाणी उकळून प्यायलं तर भागेल का. मी नांदेडला एका लॅबमध्ये कल्चरच्या प्लेटा (जंतू वाढवायच्या बशा) वाचते, रोजचंच काम आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी एक. रेझिस्टंट म्हणजे औषधाला दाद न देणारे. बॅक्टेरिया औषधाला "सरावतात" असं सगळे म्हणतात, पण तसं नसतं. कोट्यवधींच्या गर्दीत दोन-चार आधीपासूनच वेगळे असतात, एखादा जीन बदललेला. एरवी ते मागेच पडतात कारण हा बदल बऱ्याचदा अंगावरचं ओझं असतो आणि वाढ जरा हळू होते, पण औषध आलं की बाकीचे मरतात आणि यांना मोकळं रान मिळतं.

प्लेटवर हे डोळ्यांनी दिसतं. लघवीतला ई. कोलाय नावाचा जंतू आगरवर (जेलीसारख्या थरावर) स्वॅबने सारवायचा, वर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर इनक्युबेटरमध्ये. सकाळी चकतीभोवती स्वच्छ गोल पडलेला असतो, तो पट्टीने मोजायचा, सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकला २६ मिमी किंवा जास्त आला तर सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडतं. हल्ली कितीतरी प्लेटांवर पांढुरका थर थेट चकतीला खेटून येतो, गोलच नाही. आणि कधीकधी गोल चांगला मोठा असतो पण त्याच्या आत दोन-तीन एकट्या कॉलन्या बसलेल्या असतात टिकलीएवढ्या. त्याच त्या दोन-चार.

आता नदीकडे. "थोडं" म्हणताय, पण प्रत्येक ठिकाणी थोडं नसतंच. हैदराबादजवळ पाटणचेरूला सुमारे ९० औषध कंपन्यांचं सांडपाणी एका सामायिक प्लांटमध्ये यायचं. स्वीडनचे संशोधक योआकिम लार्सन यांच्या टीमने तिथून शुद्ध होऊन बाहेर पडणारं पाणी तपासलं, २००७ मध्ये पेपर आला, एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रो! ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर आपल्या रक्तात लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम असते, म्हणजे पेशंटच्या रक्तापेक्षा त्या पाण्यात जास्त औषध. त्यांच्या हिशोबाने दिवसाला ४५ किलो नुसतं सिप्रो वाहून जात होतं. हे पाणी तेव्हा नक्कावागु ओढ्यातून मांजरा नदीला मिळायचं. हो, आपल्या बीडच्या डोंगरात उगम पावणारी तीच मांजरा, फक्त लातूर वगैरे वरच्या अंगाला राहतं त्यामुळे ते पाणी तिकडे यायचं नाही.

पण तुमचा मुद्दा खालच्या अंगाचा आहे, जिथे औषध पातळ होत जातं. खरी गोम तिथेच. स्वीडनच्याच उप्साला विद्यापीठातल्या लोकांनी २०११ मध्ये दाखवलं की सिप्रोचं जे प्रमाण बॅक्टेरियाची वाढ थांबवतं त्याच्या दोनशेव्या भागापेक्षाही कमी औषध असलं तरी रेझिस्टंट जात पुढे निघून जाते. कारण तेवढ्याने सेन्सिटिव्ह मरत नाहीत पण किंचित मंदावतात, आणि रोज किंचित मंदावणारा शर्यतीत हरतोच, काही दिवस जास्त लागतात इतकंच. शिवाय सिप्रो गाळाला चिकटून बसतं, म्हणजे पाणी पुढे गेलं तरी तळाशी आहेच.

त्यात हे जीन एकट्याकडे राहत नाहीत. प्लास्मिड नावाची डीएनएची छोटी रिंग असते, ती एक बॅक्टेरिया शेजाऱ्याला देतो, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालतं. पाटणचेरूच्या प्लांटमध्ये तर घाण खाणारे बॅक्टेरिया नीट वाढावेत म्हणून माणसांचं मैलापाणीही मिसळत होते!! म्हणजे आपल्या आतड्यातले जंतू, मातीतले जंतू आणि औषध, सगळे एकाच हौदात. प्लांट बांधणाऱ्याला यापेक्षा वाईट काही सुचलं नसतं, आणि त्याचा हेतू चांगलाच होता.

कारखानेच दोषी असंही नाही, आपण घेतलेल्या सिप्रोतलं जवळपास निम्मं जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं, पोल्ट्री आणि हॉस्पिटलचं वेगळंच. पण कारखान्याला पाईप असतो, त्याच्या तोंडाशी मोजता येतं. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकला मर्यादा घालणारा मसुदा काढलाही, ऑगस्ट २०२१ ला नियम आले तेव्हा त्या मर्यादा त्यात नव्हत्या. मला अजून राग येतो त्याचा.

उकळण्याचं म्हणाल तर जंतू मरतात, रेझिस्टंट असले तरी मरतात, त्यामुळे उकळाच. सिप्रो मात्र तेवढ्या उष्णतेला दाद देत नाही. पण पेल्यातल्या त्या कणभर औषधाने तुमचं फारसं बिघडत नाही, त्रास जंतूंचा आहे, आणि ते पेल्यातूनच येतात असं कुठे आहे, त्याच पाण्यावर वाढलेल्या कोथिंबिरीच्या जुडीतूनही येतात आणि ती कोण उकळतंय.