साथीच्या तबल्यावर घर चालवायचं तर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. विशारद झालास, हात तयार आहे, आता नोकरी सोडून पुण्या-मुंबईत गायकांना तबल्याची साथ करूनच जगायचं म्हणतोस. मग एक गोष्ट आधी पक्की कर. टाळ्या श्रोते वाजवतात, पण पुढची तारीख श्रोते देत नाहीत. ती देतो शेजारी बसलेला गायक, समोरचा पेटीवाला, कार्यक्रमाचा संयोजक, किंवा एकाच संध्याकाळी दोन ठिकाणी जाता येत नाही म्हणून तुझं नाव सुचवणारा दुसरा तबलावादक. यातला शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण सुरुवातीची वर्षं बरंचसं काम 'बदली' म्हणूनच येतं. बदली गेलास की त्या गायकाशी पुढच्या तारखांचं बोलणं काढायचं नाही. गायकाने आपणहून थेट फोन केला, तर मूळ तबलावादकाला आधी कळवायचं आणि मगच हो म्हणायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडणाऱ्याची बातमी फार लवकर फिरते.

गुरूंकडे पेशकार, कायदे, रेले, चक्रदार हे एकट्याने वाजवायचे प्रकार झाले. ते सोडू नकोस, हात त्यानेच राहतो. पण बोलावणं येतं ते ठेक्यासाठी, म्हणजे तालाचे मूळ बोल धरून ठेवण्यासाठी. विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालतं, आणि तेवढ्या मोकळ्या जागेत हात भरायला शिवशिवतो. दहा मिनिटं नुसता ठेका वाजवून फोनवर ध्वनिमुद्रित कर, मग पहिलं आणि शेवटचं आवर्तन घड्याळ लावून मोज. जवळजवळ प्रत्येकाची लय चढलेली निघते, आणि चढते ती ठरावीक जागी: तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) संपवून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, घेतल्यावर लगेच, आणि गायक ताना घ्यायला लागला की. भावगीत आणि नाट्यगीतात उलट अडचण असते. तिथे दादरा, केहरवा, रूपक, धुमाळी, भजनी ठेका यांचे प्रत्येकी चार-पाच तरी वजनाचे प्रकार हातात हवेत आणि कुठे काहीच वाजवायचं नाही हे कळायला हवं. लग्गी, म्हणजे ठेक्याऐवजी जलद बोलांची भरणी, मुखड्यावर शोभते. अंतऱ्याच्या पहिल्या ओळीवर लावलीस तर शब्द मेले.

जोडीला एक वाद्य घे. अभंगांच्या कार्यक्रमात तबल्याबरोबर पखवाज असतो, लावणीला ढोलकी लागते, आणि वाद्यवृंदात ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यवाल्याला तबलावाल्याइतकंच, कधी जास्त काम असतं. माझं मत विचारशील तर पखवाज आधी. शिक्षण तबल्याच्या जवळचं आहे आणि आषाढी-कार्तिकीचे दिवस भरतात. शिकलेला हातही वर्षभर बोथट होत नाही.

आता वाद्यांचं, कारण नव्या मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'सगळ्या पट्ट्यांचे तबले घेऊ का?' घेऊ नकोस. पट्टी म्हणजे पेटीची ज्या कळीवर गायक आपला षड्ज धरतो ती; काळी एक म्हणजे पहिली काळी कळ. दोनांत सुरुवात होते: एक काळी एकचा, साधारण सव्वापाच ते साडेपाच इंची तोंडाचा, आणि एक काळी दोनचा, पाच इंचांच्या आसपासचा. काळी एकचा तबला काळी एकच्या गायकाला षड्जात लागतो, काळी तीनला पंचमात, काळी चारला मध्यमात. काळी दोनचा तबला काळी दोनला षड्जात, काळी चारला पंचमात, काळी पाचला मध्यमात. पांढऱ्या पट्ट्यांसाठी यातलाच एखादा अर्धा स्वर चढव किंवा उतरव. त्याहून जास्त ताणलास तर पुडी, म्हणजे तबल्याचं तोंड, लवकर जाते आणि फार उतरवलास तर चाट (काठावरचा बोल) बोलत नाही.

पण राग विचारल्याशिवाय हे गणित लावू नकोस. काळी चारमधली गायिका भूप गाणार असेल तर काळी एकचा तबला कानाला टोचेल, कारण भूपात मध्यम नाही. तिथे काळी दोनचा, म्हणजे पंचमाचा काढ. तीच गायिका मालकंस गाणार असेल तर नेमकं उलट: पंचम वर्ज्य आहे, मध्यम हाच जीव, तेव्हा काळी एकचा. पूर्ण ख्यालाच्या मैफिलीत बायकांच्या पट्टीला खालच्या षड्जात लागणारा, सहा इंचांवरच्या तोंडाचा तबला हवा असतो. तो पुढे काम वाढल्यावर घे. तोवर भाड्याने किंवा कुणाकडून मागून आण, त्यात कमीपणा नाही.

पुडी हे कातडं आहे आणि ते हवा पितं. पावसाळ्यात सूर उतरतो, वातानुकूलित सभागृहात चढतो, रंगमंचावरच्या दिव्यांखाली आणखी चढतो, आणि दिवाळी पहाटेच्या उघड्या मैदानात दव पडलं की पुन्हा बसतो. म्हणून सभागृहात पोचल्यावर आधी तबला गवसणीतून बाहेर काढ आणि अर्धा तास तिथल्या हवेत राहू दे. मगच हातोडी. मोठा फरक असेल तर गठ्ठे (वाद्यांखाली अडकवलेले लाकडी ठोकळे), बारीक काम गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर): वरून ठोकलं की चढतो, खालून ठोकलं की उतरतो. सगळीकडून सारखा लागलाय का ते समोरासमोरच्या घरांवर (गजऱ्यावरच्या वाद्यांमधल्या जागांवर) चाट वाजवून पाहा, एकाच बाजूला ऐकून उठू नकोस. पिशवीत हातोडी, पावडर, रुमाल, तबल्याखाली ठेवायची जादा चुंबळ आणि स्वतःचा बसायचा पातळ गालिचा ठेव. सुटी पुडी बरोबर नेऊन उपयोग नाही, ती ऐनवेळी कुणी चढवून देत नाही. तयार चढवलेला दुसरा तबला गाडीत असला पाहिजे.

ध्वनिव्यवस्थेवाल्याशी पोचल्याबरोबर ओळख कर आणि त्याला नावाने हाक मार. तबल्याला बहुतेक ठिकाणी शूअरचा एसएम ५७ माइक किंवा त्याची नक्कल मिळते. पुडीपासून वीतभर तरी लांब, थोडा तिरका लाव. डग्ग्याचा माइक फार जवळ आला की खर्ज फुगतो आणि घुमारा सगळ्या सभागृहात लोळतो. त्या वेळी 'आवाज कमी करा' म्हटलंस तर तबलाच ऐकू येईनासा होईल. 'खर्ज थोडा काढा' असं सांग. स्वतःच्या मॉनिटरमध्ये गायक आणि पेटी मागायची, तबला थोडासाच. स्वतःचा तबला मोठा ऐकायची सवय लागली की हात हलका पडतो आणि लयही गायकापासून सुटते.

पैशाचं बोलणं फोनवर पहिल्याच वेळी व्हावं. संकोच वाटतो, मान्य. पण समोरचा संकोच करत नसतो. विचारायचं ते एवढं: तारीख, साउंडचेक किती वाजता, ठिकाण, कोण गातंय, गाण्यांची यादी आणि पट्टी, तालमी किती, मानधन किती, ते कोण देणार आणि कधी, प्रवास-मुक्काम कुणाकडे. यातला 'कोण देणार' हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि पैसे अडकतात ते तिथेच. मंडळ संयोजकाला देतं, संयोजक गायकाला, गायक तुला. मधल्या एकाचा धनादेश थांबला की तुझं पाकीट थांबतं, आणि ज्याने तुला बोलावलं तोही खोटा नसतो. फोन ठेवल्यावर लगेच निरोप टाक:

'नमस्कार. १२ तारखेचा कार्यक्रम नक्की. साउंडचेक ४, सुरुवात ६. एक तालीम धरून मानधन ५,००० रुपये, कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री, आपल्याकडून. प्रवासखर्च वेगळा. आगाऊ १,५०० आले की तारीख पक्की धरतो. आठवड्याच्या आत रद्द झाल्यास निम्मं मानधन.'

रद्द झाल्यावर निम्मं दर वेळी मिळेलच असं नाही. पण लिहिलेलं असलं की निदान पुढची तारीख तरी मिळते. नाटकाच्या प्रयोगांना असं दर वेळी लिहावं लागत नाही, तिथे एकदा 'नाइट', म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, ठरली की ठरली.

आकड्याचा मोह आवर. समजा नाशिकचा कार्यक्रम ५,००० चा आहे. पुण्याहून जाऊन-येऊन दहा तास, दोन तालमींचे सहा, साउंडचेक आणि कार्यक्रमाचे सहा. बावीस तासांचे ५,०००, म्हणजे तासाला सव्वादोनशेच्या आसपास. त्याच दिवशी पुण्यात ३,००० चं, सहा तासांचं काम असेल तर ते जास्त फायद्याचं. दोन तालमींच्या पुढे प्रत्येक तालमीचे पैसे वेगळे सांग. पण एकदा दिलेली तारीख मोठ्या आकड्यासाठी मोडायची नाही. खरोखरच जमत नसेल तर त्याच दिवशी कळव आणि आपल्याइतका किंवा आपल्याहून बरा बदली स्वतः शोधून दे. आणि स्वस्तात कधी वाजवू नकोस. एखाद्या कामासाठी वाजवावंसं वाटलं तर पूर्ण फुकट वाजव, त्याला सेवा म्हणतात. निम्म्या पैशात वाजवलंस तर तो तुझा दर होतो.

वर्षाचा अंदाज पंचांगावरून बांधायचा. गणपती, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट, मग डिसेंबर-जानेवारीतले महोत्सव आणि लग्नसराईतले संगीत-संध्येचे कार्यक्रम, पाडवा, रामनवमी. चातुर्मासात लग्नं नाहीत आणि पितृपंधरवडा कोरडाच. अधिक महिना आला की लग्नंही थांबतात आणि पुढचे सण उशिरा येतात. २०२६ चंच घे: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, आणि गणेश चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला. म्हणजे मेच्या मध्यापासून चार महिने दिवाळीची शिल्लकच पुरवायची. अधिक महिन्यात भजन-कीर्तनाची कामं मात्र वाढतात, पखवाज शिक म्हणालो त्याचं हेही एक कारण. सगळी कमाई एका खात्यात टाक आणि दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात 'पगार' म्हणून काढ. गणपतीतल्या पैशांत गाडीचा हप्ता सुरू करणाऱ्यांची जुलैत फार ओढाताण होते.

घरभाड्याइतकी रक्कम शिकवण्यातून यावी. वर्ग सोमवार ते बुधवार ठेव, कारण शुक्रवार ते रविवारच्या संध्याकाळी काम असतं आणि सारखे वर्ग रद्द करणाऱ्या मास्तरांकडे पालक टिकत नाहीत. फी महिन्याची घे, तासाची नको, आणि गणेशोत्सवात वर्ग बंद हे प्रवेशाच्या वेळीच सांग. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसव. परीक्षांनी वादक घडतो असं मला वाटत नाही, पण मूल दोन-चार वर्षं टिकतं ते त्या पायऱ्यांमुळेच. स्वतः आकाशवाणीची श्रवणचाचणी दे. बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेण्या आहेत. ध्वनिक्षेपणाचे पैसे थोडेच, पण परिचयपत्रात श्रेणी असली की सरकारी महोत्सवांच्या अर्जात तिचा उपयोग होतो.

करांचं थोडक्यात. मोठे आयोजक मानधनातून १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापलेला आयकर, कापतात. ते तुझेच पैसे आहेत, पण विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. कापले पण भरलेच नाहीत असंही होतं, म्हणून आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती कर जमा झालाय ते तपासत जा. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त होणार असेल तर तो आगाऊ, चार हप्त्यांत भरायचा: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. शास्त्रीय किंवा लोकसंगीताच्या सादरीकरणाला दर कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत जीएसटी माफ आहे. सुगम आणि चित्रपटसंगीत त्यात बसत नाही, पण सगळी मिळून उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणीचीच गरज नाही. प्रवास, पुड्या, दुरुस्ती, सगळ्याच्या पावत्या ठेव.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचं बोलावणं कधीतरी येईल. 'पर्यटक व्हिसावर ये, मानधन इथे बघू' असं कुणी म्हणालं तर नको म्हण. तिथे पैसे घेऊन वाजवायला कलाकारांचा व्हिसा लागतो. असल्या कार्यक्रमांना बहुधा पी-३ काढतात आणि त्याचा अर्ज बोलावणाऱ्यांना करावा लागतो.

नोकरी आजच सोडू नकोस. एक गणपती ते दिवाळी सुट्ट्या टाकून काढ आणि वहीत प्रत्येक तारखेपुढे दोन गोष्टी लिही: कुणी बोलावलं, आणि त्याच माणसाने पुन्हा बोलावलं का. तीस तारखा तीस वेगवेगळ्या लोकांकडून आल्या असतील तर त्या हंगामाच्या आहेत, सगळ्यांनाच मिळतात. आठ-दहा नावं दोनदा-तीनदा दिसली आणि त्यातली काही दिवाळी संपल्यावरही फोन करत राहिली, तर मार्चअखेर राजीनाम्याचा विचार कर. तोवर सहा महिन्यांचा घरखर्च आणि आरोग्यविमा तयार ठेव. नोकरीतला विमा राजीनाम्याबरोबर जातो.

कळावे.

ता. क. विमानाने जाताना हातोडी हातातल्या सामानात ठेवू नकोस, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. ती मोठ्या बॅगेत टाक, आणि तबले त्याच बॅगेत जाणार असतील तर निघण्याआधी गठ्ठे वर करून सूर एक स्वर उतरवून ठेव.