जेट बोटीचं बेअरिंग वाजतंय, ग्रीस किती भरावं?

प्रश्न : काका, आम्ही दोघा चुलतभावांनी एक जुनी जेट बोट घेतली आहे. चांदोदला नर्मदेत चालवतो. वेग वाढवला की जेट युनिटच्या पुढच्या अंगाला घरघर सुरू होते. ग्रीस भरलं की आवाज दबतो, थोड्या दिवसांनी पुन्हा येतो. शाफ्टपाशी पाणी ठिबकत होतं, ते एका मिस्त्रीने एपॉक्सी लावून बंद करून दिलं. ग्रीस किती भरावं? आणि मागच्या बेअरिंगला ग्रीस भरायचं निपलच सापडत नाही, त्याचं काय करायचं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ग्रीस गन बाजूला ठेवा आणि बोट पाण्याबाहेर काढा. तुमचा प्रश्न ग्रीसचा आहे, पण मला काळजी वाटते ती त्या एपॉक्सीची.

शाफ्ट बोटीच्या आत येतो तिथे सील असतो आणि त्याच्या पुढे बेअरिंग. बऱ्याच युनिटमध्ये या दोघांच्या मध्ये एक भोक किंवा खाच मुद्दाम ठेवलेली असते. सील झिजला की पाणी तिथूनच गळून जावं, बेअरिंगपर्यंत पोचू नये, एवढ्यासाठी. ते बुजवलं की पाणी बेअरिंगमध्येच शिरणार. ठिबकणं ही सील बदलायची सूचना होती. एपॉक्सी खरवडून काढा, सील नवा घाला. युनिट जुन्या पद्धतीचं, दोरीच्या पॅकिंगचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे थेंब थेंब पाणी यायलाच हवं, त्यानेच शाफ्ट आणि पॅकिंग थंड राहतं.

पुढचं बेअरिंग एवढं महत्त्वाचं का, तेही सांगतो. इम्पेलर, म्हणजे युनिटच्या आत फिरणारा पंखा, पाणी मागे फेकतो, त्याचा उलटा रेटा शाफ्टवरून पुढे येतो आणि हे थ्रस्ट बेअरिंग तो झेलून बोटीच्या अंगाला देतं. तुम्ही दोघं, इंजिन, टाकीतलं पेट्रोल, सगळं पुढे ढकललं जातं ते याच्यामार्फत. वेग वाढला की रेटा वाढतो, म्हणून घरघर तेव्हाच ऐकू येते.

आता तपासणी. बॅटरीची वायर काढल्याशिवाय इम्पेलरजवळ हात नेऊ नका, हे दोघांनीही पाळा. इंजिन आणि शाफ्ट जोडणारं कपलिंग सोडा आणि शाफ्ट हाताने अगदी सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं. खडखड लागली, मध्येच अडखळलं, तर रेसवर, म्हणजे छर्रे ज्या कड्यांमध्ये फिरतात त्यांवर, खड्डे पडलेत असं समजा. मग शाफ्ट पुढे-मागे ढकलून पाहा. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) लावून प्ले, म्हणजे ढिलाई, मोजा आणि युनिटच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा, अंदाजावर जाऊ नका. जुनं ग्रीस बोटावर घेऊन उन्हात धरा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. काळं असून त्यात चमचमणारे कण दिसले तर बेअरिंग बदलायचंच. नव्या ग्रीसने अशा बेअरिंगचा आवाज दबतो, झीज चालूच राहते. तुमच्याकडे बहुधा हेच होतंय.

मागच्या बेअरिंगला निपल नाही, कारण बहुधा ते रबराचं, पाण्यावर चालणारं आहे. त्याला ग्रीस लावायचंच नाही. उलट, बोट ट्रेलरवर असताना "जरा आवाज बघू" म्हणून इंजिन चालू करू नका. पाण्याशिवाय रबर बघता बघता जळतं. चांदोदला ओरसंग नदी नर्मदेला मिळते, तिची वाळू या रबराला खाते. विल्यम हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात न्यूझीलंडच्या उथळ नद्यांसाठी जेट बोट घडवली, तरी उथळ म्हणून रेतीवरून घासत न्यावी असं नाही. काठाजवळ इंजिन बंद करून बोट ढकलत न्या.

बेअरिंग बदलावं लागलं तर मकरपुऱ्यातल्या दुकानात जुन्यावरचा पूर्ण नंबर दाखवा, शेवटच्या अक्षरांसकट. मी माणेजाला बेअरिंगच्या कारखान्यातच काम केलं आणि तिथे शिकलेली शिस्त इथे पाळाच: शाफ्टवर चढवताना जोर फक्त आतल्या रेसवर. बाहेरच्या रेसवर ठोकलं की छर्ऱ्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजतं. गरम करून चढवणार असाल तर १०० अंशांच्या आसपास, १२०च्या वर मुळीच नाही. गॅसची ज्योत लावू नका. अँग्युलर, म्हणजे एकेका बाजूचाच रेटा झेलणाऱ्या बेअरिंगची, जोडी असेल तर काढण्याआधी तिच्या तोंडाची दिशा खुणेने लिहून ठेवा. उलटी बसली तर रेटा भलत्याच बाजूला येतो.

ग्रीस पाण्यात टिकणारं, मरीन प्रतीचं, घट्टपणाच्या मापात २ क्रमांकाचं (NLGI 2) घ्या. काही युनिटमध्ये तिथे तेल असतं, म्हणून आधी मॅन्युअल पाहा. वेगळ्या जातीचं जुनं ग्रीस राहिलं असेल तर पूर्ण धुऊन काढा, दोन जाती मिसळल्या की बरेचदा पातळ होऊन वाहून जातात. बेअरिंगच्या घरातली (हाउसिंगमधली) मोकळी जागा तिसरा हिस्सा ते अर्धी भरली की पुरे. गच्च भरलं तर ग्रीस घुसळून तापतं आणि गनच्या दाबाने सीलची ओठी उलटते. पुढे नेमानं द्यायच्या ग्रीसचं माप मॅन्युअलमध्ये असतं. निपल पुसून, शाफ्ट फिरवत, हलक्या हाताने द्या. जोर लागला की थांबा.

सगळं जोडल्यावर छोटी फेरी मारा आणि तापमानाची गन बेअरिंगच्या घरावर धरा. ७० अंशांच्या वर प्रत्येक १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होत जातं. आकडा लिहून ठेवा, पुढच्या फेरीला पुन्हा घ्या आणि दोन्ही मला कळवा.